शिट्टी नेमकी कोणासाठी? कोल्हापुरातील धाव-सायकल शर्यती आणि रस्त्याचे नियम

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

गेली सहा वर्षे मी कोल्हापूर आणि परिसरातील धाव-सायकल शर्यतींत कधी स्पर्धक म्हणून, पण बहुतेक वेळा स्वयंसेवक म्हणून सहभागी होत आले आहे. आधी पळायचे, मग सायकल चालवायची आणि शेवटी पुन्हा पळायचे, अशा या प्रकाराला डुएथलॉन म्हणतात. त्याचे प्रमाण अंतर १० किलोमीटर धाव, ४० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धाव असे असते आणि छोट्या प्रकारात ते ५, २० आणि अडीच किलोमीटरवर येते. आपल्याकडच्या हौशी शर्यती बहुधा या छोट्या अंतराच्या आसपासच असतात.

मागच्या जानेवारीत शहराबाहेरच्या एका दुपदरी रस्त्यावर अशाच एका शर्यतीत माझी नेमणूक सायकलच्या परतीच्या वळणावर होती. मध्यरेषेवर एक नारिंगी शंकू, माझ्या हातात हिरवा झेंडा आणि गळ्यात शिट्टी, एवढीच तिथली व्यवस्था होती. रस्ता रहदारीला बंद नव्हता. ‘पोलिसांना कळवले आहे’ इतकेच आम्हाला सांगण्यात आले होते. सात वाजून गेले तरी उसाच्या फडांवरून आलेले धुके रस्त्यावर रेंगाळत होते. एक सायकलस्वार शंकूजवळ आला, मी शिट्टी वाजवली, त्याने उजवीकडे वळण घेतले आणि नेमक्या त्याच क्षणी दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेली एक मोटारसायकल मागून येऊन त्याला उजवीकडून ओलांडू लागली. दोघेही पडले. सायकलस्वाराचे कॉलरबोन मोडले, दूधवाल्यांचा गुडघा सोलवटून निघाला आणि एका किटलीतले सगळे दूध डांबरावरून वाहत माझ्या बुटांपर्यंत आले. त्या गृहस्थांनी उठून आधी किटली उभी केली, रस्त्याकडेच्या गवतातून तिचे झाकण शोधून आणले आणि मग मला विचारले, ‘ताई, शिट्टी मला वाजिवलीसा का त्यास्नी?’

मला उत्तर देता आले नाही. मी शिट्टी वाजवली होती ती सायकलस्वाराने वळावे म्हणून. दूधवाल्यांना वाटले की मी सायकलवाल्याला बाजूला व्हायला सांगते आहे आणि त्यांची वाट मोकळी आहे. पुढच्या वाहनाला उजवीकडून ओलांडायचे हा आपल्या रस्त्याचा नियमच आहे, त्यामुळे त्यांचे काही चुकले असे मला आजही म्हणता येत नाही. सायकलस्वाराने हात दाखवला नाही हे खरे, पण शर्यतीत असल्यामुळे रस्ता आपल्यासाठी राखलेला आहे अशी त्याची समजूत होती आणि ती समजूत दूर करण्याचे काम आम्ही कोणीही केले नव्हते.

त्यानंतर घरी बसून मी एक साधा हिशेब मांडला. वीस किलोमीटरची सायकल शर्यत अडीच किलोमीटर जाऊन तेवढेच परत येण्याच्या पट्ट्यावर घेतली, तर प्रत्येकाला चार फेऱ्या कराव्या लागतात. म्हणजे लांबच्या टोकाला चार आणि जवळच्या टोकाला तीन, अशी सात उलटी वळणे प्रत्येकाच्या वाट्याला येतात. स्पर्धक दीडशे असतील तर एका सकाळी एक हजार पन्नास वेळा कोणीतरी आपली बाजू सोडून समोरून येणाऱ्या रहदारीच्या बाजूत शिरतो, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी माझ्यासारख्या, कसलाही कायदेशीर अधिकार नसलेल्या माणसाची शिट्टी एवढाच काय तो आधार असतो. हजारात एकदा चूक झाली तरी ती झालीच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की स्वयंसेवक वाढवून, जाकिटे वाटून किंवा सूचनांचे कागद वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. रस्ता पूर्ण बंद होणार नसेल, तर मार्गच असा आखायला हवा की त्यावर कोणालाही थांबवण्याची गरज पडू नये. आपण डाव्या बाजूने चालणारे लोक आहोत, त्यामुळे फक्त डावी वळणे घेत जाणारा गोल मार्ग, म्हणजेच घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरणारी फेरी, घेतली तर सायकलस्वाराला समोरची बाजू एकदाही ओलांडावी लागत नाही. हजार पन्नासचा आकडा तिथे शून्यावर येतो.

आमचा गट येत्या थंडीत एक छोटी शर्यत घेण्याच्या विचारात आहे. मार्ग अजून ठरलेला नाही आणि तो ठरण्याआधीच आपणा सर्वांची मते हवी आहेत. ज्यांनी शर्यतीत भाग घेतला आहे त्यांची तर हवीतच, पण ज्यांचा रविवार सकाळचा रस्ता अशा शर्यतींमुळे अडला आहे त्यांनीही मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

सागरमाळ

ताई, लिहिल्याबद्दल आभार. त्या दिवशी मी त्याच शर्यतीत होतो आणि आपल्या शंकूवरून दोनदा वळलो होतो. दुसऱ्या वळणाला मी मागे वळून पाहिलेही नव्हते, हे आज कबूल करतो.

तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. पाच-सहा किलोमीटरची, सगळी डावी वळणे असलेली, खड्डे नसलेली फेरी कोल्हापूरच्या आसपास सहज सापडत नाही. पन्हाळा रस्ता, राधानगरी रस्ता, गगनबावडा रस्ता हे सगळे शहरातून निघून बाहेर जाणारे सरळ रस्ते आहेत, आणि त्यांना जोडणारे आडवे रस्ते गावठाणातून जातात, जिथे गोठ्याच्या दारातून थेट डांबरावर पाय पडतो. तशा रस्त्यावरून पस्तीसच्या वेगाने सायकली सोडणे मला वळणाच्या शंकूपेक्षाही धोक्याचे वाटते. माझ्या मते दोन तासांसाठी रस्ता पूर्ण बंद करून मिळत असेल तरच शर्यत घ्यावी, नाहीतर घेऊच नये.

शाहूपुरी_वकील

‘पोलिसांना कळवले आहे’ या तीन शब्दांवर आपल्याकडच्या बहुतेक शर्यती उभ्या असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कळवणे, ना-हरकत मिळणे आणि रस्ता बंद होणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे, वाहतुकीची चिन्हे लावण्याचा अधिकार कलम ११६ मध्ये आहे आणि रहदारीचे नियमन करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ मध्ये आहे. आपल्या वर्तमानपत्रांत मिरवणुकीच्या आदल्या दिवशी जे वाहतूक बदलाचे आदेश छापून येतात, ते याच कलमांखाली काढलेले असतात. असा लेखी आदेश हातात नसेल तर रस्ता चालू आहे असेच समजायचे, आणि चालू रस्त्यावर स्वयंसेवकाचा झेंडा ही फक्त विनंती असते. ती मोडली म्हणून वाहनचालकाला कोणीही दोष देऊ शकत नाही.

कलम ११५ मधली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढण्याची आवश्यकता नाही, मात्र परिस्थितीनुसार शक्य ती स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. म्हणजे ज्या गावांतून मार्ग जातो तिथल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि दूध संकलन केंद्रावर सूचना लागली पाहिजे. केवळ स्पर्धकांच्या व्हॉट्सॲप गटावर ती टाकून भागत नाही.

काही जण कलम १८९ चा दाखला देऊन ‘रस्त्यावर शर्यत घेणेच बेकायदा आहे’ असे सांगतात. ते कलम मोटार वाहनांच्या शर्यतींबद्दल आहे आणि साधी सायकल मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. पण याचा अर्थ सायकलस्वाराला सगळे माफ आहे असा मुळीच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कोणतेही वाहन हाकण्याबद्दल आहे, आणि रस्त्यात अडथळा निर्माण करण्याबद्दल कलम २८५ आहे. छातीवर क्रमांक लावल्याने या दोन्हींतून सूट मिळत नाही. त्याचप्रमाणे स्पर्धकाकडून हमीपत्रावर सही घेतली म्हणून संयोजकाची निष्काळजीपणाची जबाबदारीही संपत नाही.

कोल्हापूरपुरते सांगायचे तर अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे आणि वाहतूक शाखेकडे तर करावाच, पण रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे, महानगरपालिकेचा आहे की जिल्हा परिषदेचा, हेही आधी पाहावे. अर्जासोबत मार्गाचा नकाशा, प्रत्येक चौकात अपेक्षित असलेली वेळ आणि पर्यायी मार्ग जोडला तर अधिकाऱ्यांना निर्णय घेणे सोपे जाते. नुसते ‘सहकार्य व्हावे’ असे लिहून दिलेले पत्र माझ्या पाहण्यात तरी फारसे उपयोगी पडलेले नाही.

ऊसपट्टा

मी सायकलवाला नाही. आमची शेती आहे आणि हंगामात घरचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असतो. धागाकर्त्या ताईंनी आमच्यासारख्यांनाही विचारले, म्हणून लिहितो.

आपल्या शर्यती थंडीत असतात आणि कारखान्यांचा गळीत हंगामही ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे थंडीतच असतो. दोन ट्रॉल्या भरून निघालेला ट्रॅक्टर चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलताना पुढची चाके हवेत उठतात, आणि उतारावर तो मनात येईल तिथे थांबवता येत नाही. चालकाला इंजिनाच्या आवाजात शिट्टी ऐकू येत नाही. मागची दुसरी ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला किती ओढली जाते हे ज्याने ट्रॅक्टर चालवलेला नाही त्याला समजत नाही, आणि सायकलवाले नेमके त्याच आतल्या बाजूने घुसतात. मागच्या वर्षी एक मुलगा माझ्या दोन ट्रॉल्यांच्या मधल्या सांध्याजवळ आला होता. मला तो आरशात दिसलाच नाही. मागून येणाऱ्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला म्हणून कळले. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दुसरी गोष्ट रस्त्यावर पडलेल्या उसाची. ट्रॉलीतून निसटलेले एक कांडे मोटारीच्या चाकाखाली चिरडून जाते, पण तुमच्या त्या बोटभर रुंदीच्या टायरखाली ते गोल फिरते आणि सायकल आडवी करते. फडातून बाहेर पडणाऱ्या चाकांबरोबर ओल्या मातीचे गोळेही डांबरावर येतात. शर्यतीच्या आधी मार्ग झाडून घेणे म्हणजे सजावट नव्हे, हे संयोजकांनी लक्षात घ्यावे. बैलगाड्यांचे तर काय सांगावे. पहाटे त्यांच्या मागे लाल पट्टी असतेच असे नाही.

रस्ता बंद करा असे म्हणणाऱ्या दादांना एवढेच सांगतो की तोडलेला ऊस वाळतो आणि वजनात घट येते ती आमच्या खात्यात. तरीही दोन तास थांबायला आमची ना नाही. फक्त ते आम्हाला आठवडाभर आधी कळले पाहिजे. कारखान्याच्या शेती ऑफिसला आणि भागातल्या चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीचे बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, तुम्ही तारीख सांगितली, तर त्या दिवशी त्या रस्त्याकडेच्या फडांना तोड न देणे त्यांच्या हातात असते. गावातल्या कोणाला विचारले असते तरी हे समजले असते, पण आजवर आम्हाला कोणी विचारायला आलेले नाही.

पंचगंगाकाठ

ऊसपट्टा दादा, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. आमच्यापैकी कोणाच्याही मनात शेती ऑफिसचा विचार आला नव्हता. आमच्या सूचनांच्या मसुद्यात ‘अवजड वाहनांपासून अंतर राखावे’ असे एक मोघम वाक्य आहे. त्याजागी ‘ट्रॅक्टरला डावीकडून कधीही ओलांडू नये, वळणावर आणि ट्रॉलीच्या सांध्याजवळ थांबून राहावे, वेळ गेली तरी चालेल’ असे स्पष्ट लिहिते.

वकीलसाहेब, स्थानिक प्रसिद्धीचा मुद्दा तर थेट दूधवाल्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यांना आदल्या संध्याकाळी दूध घालताना कोणी सांगितले असते, तर त्यांनी शंकू पाहूनच वेग कमी केला असता.

पूर्ण बंद रस्त्याचा आग्रह मला समजतो, आणि तो मिळाला तर उत्तमच. पण दीडशे जणांच्या शर्यतीसाठी राज्यमार्ग दोन तास बंद ठेवा असे सांगायचा आपला अधिकार किती, याचाही विचार झाला पाहिजे. त्याच रस्त्याने एखादा रुग्ण सीपीआर रुग्णालयात निघालेला असतो.

तालीम_गल्ली

पळणाऱ्यांचा मुद्दा अजून कोणी घेतला नाही. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरच्या वाहनांकडे तोंड करून चालावे, असे आपल्याला शाळेत शिकवले आहे. मग शर्यतीत पळणाऱ्यांना डावीकडून का पळवतात? मागून काय येते आहे ते त्यांना दिसतच नाही. माझी सूचना अशी आहे की सायकली घड्याळाच्या उलट आणि पळणारे घड्याळाप्रमाणे, उजव्या कडेने, असे सोडावेत. म्हणजे दोघेही एकमेकांना समोरून दिसतील.

पांढरा_पट्टा

सूचनेमागचा हेतू चांगला आहे, पण कागदावर एक गोल काढून पाहावा, ही विनंती. मी रस्ते बांधणीच्या कामातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे अशा आकृत्या काढण्याची सवय हाताला आहे.

घड्याळाच्या उलट फिरणारा सायकलस्वार डाव्या कडेने जातो, तेव्हा त्याची डावी कड म्हणजे गोलाची आतली कड असते. घड्याळाप्रमाणे, उजव्या कडेने पळणाऱ्याची उजवी कडही आतलीच असते. म्हणजे दोघे एकाच कडेवर समोरासमोर येतात. ताशी ३० किलोमीटरने येणारी सायकल आणि १० किलोमीटरने पळणारा माणूस यांच्यातले अंतर तेव्हा ताशी ४० च्या वेगाने कमी होते. हे टाळलेच पाहिजे.

दोघांनाही घड्याळाच्या उलटच फिरवायचे, पण पळणाऱ्यांना त्यांच्या उजव्या, म्हणजे गोलाच्या बाहेरच्या कडेने न्यायचे, असे केले तर सायकली आत, पळणारे बाहेर आणि मध्ये अख्खा रस्ता राहतो. शिवाय बाहेरच्या कडेने येणारी वाहने पळणाऱ्यांच्या समोरून येतात, त्यामुळे शाळेतला नियमही पाळला जातो. यात दोन अडचणी आहेत. बाहेरच्या कडेला मिळणारा प्रत्येक फाटा पळणाऱ्याला ओलांडावा लागतो आणि सायकल ठेवण्या-उचलण्याची जागा रस्त्याच्या एकाच बाजूला असल्यामुळे कोणाला तरी रस्ता एकदा पार करावाच लागतो. ती एकच जागा अशी आहे की जिथे गणवेशातला पोलीस कर्मचारी मागून घ्यावा. संपूर्ण मार्गावर वीस पोलीस मिळणार नाहीत, पण एका जागी दोन मिळू शकतात.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे धाव रस्त्यावर घ्यायचीच नाही. विद्यापीठाचा परिसर किंवा एखादे मोठे मैदान परवानगीने मिळाले, तर दोन्ही धावा आत घ्याव्यात आणि रस्ता फक्त सायकलसाठी वापरावा. फेऱ्या जास्त होतील, पळायला कंटाळवाणे होईल, पण कोणीही चिरडले जाणार नाही.

थांबण्याच्या अंतराबद्दलही लिहितो, कारण स्वयंसेवक नेहमी वळणाच्या अगदी तोंडाशी उभे केलेले दिसतात. ताशी ३० च्या वेगाने सायकल सेकंदाला ८ मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला आणि कोरड्या डांबरावर बेताचा ब्रेक धरला, तर थांबेपर्यंत सुमारे १७ मीटर लागतात. वेग ५० झाला तर हेच अंतर ३८ मीटरच्या घरात जाते. पन्हाळ्याच्या उतारावर ५० हा काही विशेष वेग नव्हे, म्हणून घाटाचा उतार शर्यतीच्या वेळेत कधीही मोजू नये. वर पोहोचल्यावर घड्याळ थांबवावे आणि खाली सर्वांनी सावकाश यावे. ताशी ६० ने येणारी मोटारसायकल १०० मीटर अंतर सहा सेकंदांत कापते. त्यामुळे ‘पुढे शर्यत आहे, वेग कमी करा’ हा फलक घेतलेला माणूस वळणाच्या किमान १०० मीटर अलीकडे हवा, आणि फलक वाहनचालकांकडे तोंड करून हवा. आपल्याकडे तो फलक फोटोत चांगला दिसावा म्हणून स्पर्धकांकडे तोंड करून लावलेला मी पाहिला आहे.

कोल्हापुरी_डॉक्टर

शर्यतींना वैद्यकीय मदतनीस म्हणून गेले आहे, म्हणून रहदारीशी संबंधित तेवढेच लिहिते.

रुग्णवाहिका अंतिम रेषेजवळ कमानीच्या आत उभी करण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. अपघात होतो मार्गावर, आणि कमानीजवळच्या गर्दीतून गाडी बाहेर काढण्यातच पाच-सात मिनिटे जातात. ती मार्गाच्या मध्याजवळच्या एखाद्या फाट्यावर, तोंड रस्त्याकडे करून उभी असावी आणि तिने नेहमी शर्यतीच्याच दिशेने जावे. उलट दिशेने, भोंगा वाजवत आलेल्या रुग्णवाहिकेसमोर दहा सायकलस्वार एकदम आले, तर जखमींची संख्या वाढते. स्पर्धकांना आधीच सांगून ठेवावे की भोंगा ऐकू आला की डावीकडे होऊन थांबायचे, क्रमांक गेला तरी चालेल. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या वाहनचालकाला मोटार वाहन कायद्यातल्या कलम १९४-ई नुसार १०,००० रुपये दंड होऊ शकतो, तेव्हा सायकलवाल्यांनीही या गोष्टीचे गांभीर्य ओळखावे.

सायकलवरून पडलेल्या माणसाला लगेच उठवून बसवू नये. मान हलवू नये, श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नये, मागून येणाऱ्या सायकलींना थांबवण्यासाठी एकाने अलीकडे जाऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला दूरध्वनी करावा. मदत केल्यामुळे आपण अडचणीत येऊ, ही भीती अजूनही लोकांच्या मनात आहे. प्रामाणिकपणे मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे, हे स्वयंसेवकांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.

हेल्मेटच्या आतला फेसासारखा थर एकदाच चेपला जाण्यासाठी बनवलेला असतो. एकदा डोके आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसत असले तरी पुन्हा वापरू नये, आणि ते धाकट्या भावाला तर अजिबात देऊ नये.

सागरमाळ

पांढरा_पट्टा काकांनी काढायला सांगितलेला गोल मी खरोखर काढला. बंद रस्ता नसेल तर शर्यतच नको, हे माझे मत मी मागे घेतो. धाव मैदानात आणि सायकल डाव्या वळणांच्या फेरीवर, हे जमण्यासारखे आहे. फक्त फेरी गावठाणाच्या बाहेरून गेली पाहिजे.

स्पर्धकांच्या बाजूचे काही मुद्दे जोडतो. डुएथलॉनचेही नियम ठरवणाऱ्या जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या नियमांत सायकल स्टँडवरून काढण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा लावलेला असावा लागतो आणि सायकल परत ठेवल्यानंतरच तो सोडता येतो. सायकलवर बसण्याची आणि उतरण्याची रेषाही ठरलेली असते. आपल्या शर्यतींत या रेषा चुन्याने आखतात, पण त्या बहुधा रस्त्याच्या तोंडाशीच असतात, त्यामुळे धापा टाकणारा माणूस पेडलमध्ये पाय अडकवत थेट रहदारीत शिरतो. ही रेषा मैदानाच्या फाटकाच्या बरीच आत हवी. कानात इयरफोन घालण्याला त्या नियमांत बंदी आहे आणि चालू रस्त्यावर तर ती बंदी न पाळणाऱ्याला तिथेच बाद करावे.

दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवण्याला मनाई असलेल्या छोट्या आणि प्रमाण अंतराच्या शर्यतींत १० मीटरचे अंतर राखावे लागते आणि ओलांडताना २० सेकंदांत पुढे जावे लागते. हा नियम हवेच्या फायद्यासाठी केलेला आहे, पण आपल्याकडे तो जीव वाचवणारा आहे. दहा सायकलींचा घोळका आला की मागची गाडी त्याला ओलांडायला पूर्णपणे समोरच्या बाजूत जाते. एकेक सायकल अंतराने आली की चालकाला प्रत्येकी थोडेसेच उजवीकडे व्हावे लागते. कोपर टेकवून चालवण्याचे पुढचे दांडे मात्र चालू रस्त्यावर बंद करावेत, कारण तिथे हात ब्रेकपासून दूर जातात. माझ्या स्वतःच्या सायकलला ते आहेत. या शर्यतीपुरते काढून येईन.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोबाइलवर चित्रीकरण करत, दुचाकीवर तिघे बसून स्पर्धकाच्या बाजूने जाणारे मित्रमंडळ. मागच्या दोन वर्षांत मला सर्वांत जास्त भीती मालमोटारींची नाही, या दुचाक्यांची वाटली आहे. ज्याच्या पाठीराख्यांची गाडी मार्गावर दिसेल तो स्पर्धक बाद, असा नियम नावनोंदणीच्या वेळीच सही घेऊन सांगावा.

तालीम_गल्ली

काका, माझी चूक लक्षात आली. चित्रीकरणाच्या दुचाक्यांबद्दल सागरमाळ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. आमच्या गल्लीतली पोरे तेच करतात. त्यांना मी स्वतः सांगेन. गणपतीच्या मिरवणुकीत दोरी धरून उभे राहण्याचा अनुभव असलेली पंधरा-वीस मुले आमच्याकडे आहेत. दोरी धरणाऱ्याने मिरवणुकीकडे नव्हे, गर्दीकडे तोंड करून उभे राहायचे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. त्यांना फलक घेऊन शंभर मीटर अलीकडे उभे करा.

ऊसपट्टा

एक विचारायचे राहिले. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मग तुमच्या शर्यती सहाला का सुटतात? त्या वेळी धुके असते, दुधाच्या गाड्या असतात आणि रात्रपाळीचे ट्रॅक्टर परतत असतात. साडेसातला सोडा, थंडीत ऊन काही लागत नाही.

पंचगंगाकाठ

सर्वांच्या सूचना घेऊन काल आमच्या गटाची बैठक झाली, त्यात जे ठरले ते लिहिते.

दोन्ही धावा मैदानातच होतील, त्यासाठी परवानगीचा अर्ज या आठवड्यात देत आहोत. सायकलसाठी डाव्या वळणांच्या दोन फेऱ्या नकाशावर निवडल्या आहेत; एक साडेपाच किलोमीटरची, दुसरी सात किलोमीटरची. दुसरी लांब असली तरी तिच्यावर गावठाण नाही, म्हणून आमचा कल तिकडे आहे. सायकली साडेसातच्या आधी रस्त्यावर येणार नाहीत. स्पर्धकांची संख्या दीडशेऐवजी ऐंशीवर थांबवली आहे आणि त्यांना दहा-दहाच्या गटांत, दोन मिनिटांच्या अंतराने सोडले जाईल, म्हणजे मैदानातून रस्त्यावर येताना एकाच वेळी गर्दी होणार नाही. फाटकाजवळच्या एकाच जागेसाठी दोन पोलीस कर्मचाऱ्यांची मागणी अर्जात असेल, आणि अर्जाचा मसुदा वकीलसाहेब पाहून देणार आहेत.

शिट्ट्या आम्ही पूर्णपणे काढून टाकल्या आहेत. स्वयंसेवकांकडे फक्त वाहनचालकांना दिसेल असा फलक असेल; स्पर्धकांना सूचना आदल्या दिवशी, क्रमांक देताना, प्रत्यक्ष बोलून दिल्या जातील आणि त्या वेळी जो हजर नसेल त्याला क्रमांक मिळणार नाही.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता सात किलोमीटरच्या फेरीवर सायकलने सावकाश एक चक्कर मारून न रंगवलेले गतिरोधक, बाहेर पडणारे फाटे आणि दूध संकलन केंद्रे यांची नोंद करायची आहे. पांढरा_पट्टा काका येणार आहेत. ऊसपट्टा दादा, शक्य असेल तर आपणही यावे, कारण कोणत्या फडाची तोड कधी आहे हे आम्हाला दिसत असूनही समजणार नाही. त्या दूधवाल्या गृहस्थांचे गाव मला माहीत आहे. चक्कर संपल्यावर मी त्यांच्याकडे जाणार आहे आणि आमचा फलक त्यांना रस्त्यावरून येताना वाचता येतो का, हे त्यांनाच विचारणार आहे.